रुग्णालयांतील अदृश्य किरण आणि तेथील सेवकवर्ग

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांत 'किरणोत्सर्ग' हा शब्द उच्चारला कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें राजापूर तालुक्यांतील माडबन-जैतापूरचा नियोजित अणुवीजप्रकल्प उभा राहतो. त्या प्रकल्पाविषयीं सभा झाल्या, मोर्चे निघाले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. आणि जेथें अद्याप विजेचा एक दिवाहि लागलेला नाहीं त्या जागेविषयीं शाळेंतील मुलेंदेखील हिरीरीनें वाद करूं लागलीं. त्या वादांत शिरण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, ज्या किरणांची एवढी धास्ती वाटते त्याच जातीच्या किरणांशीं नित्य व्यवहार करणारीं माणसें आपल्या गांवांत पूर्वीपासून आहेत, आणि तीं अणुभट्टीपाशीं नसून रुग्णालयांत आहेत. आंब्याच्या मोसमांत कलमावरून पडून हात मोडलेला गडी, महामार्गावरील अपघातांत सांपडलेला प्रवासी, क्षयाच्या संशयानें आणलेली वृद्धा, या सर्वांचा 'फोटो' काढला जातो. फोटो काढून घेणारा वर्षांतून एखाद्या वेळीं त्या खोलींत जातो. फोटो काढणारा रोज जातो. त्या रोज जाण्याचा शरीरावर परिणाम काय होतो, आणि तो होऊं नये म्हणून काय करितात, हें आम्ही येथें सांगणार आहों.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. रुग्णालयांतील प्रत्येक यंत्रांतून हे किरण निघतात असें नाहीं. सोनोग्राफींत ध्वनीच्या लहरींचा उपयोग असतो, आणि एम्. आर्. आय्. च्या यंत्रांत प्रबळ लोहचुंबक व रेडिओलहरी असतात. या दोहोंचा आपल्या विषयाशीं संबंध नाहीं. साधा एक्स-रे, सी. टी. स्कॅन, अस्थिशस्त्रक्रियेच्या वेळीं टेबलाभोंवतीं फिरविण्यांत येणारें सी-आर्म यंत्र, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासण्याची कॅथ लॅब यांत क्ष-किरण वापरतात. कर्करोगाच्या उपचारांत कोबाल्ट, इरिडियम यांसारखे किरणोत्सर्गी पदार्थहि लागतात, आणि गळ्यांतील थायरॉईड ग्रंथीच्या विकारांत किरणोत्सर्गी आयोडीन पोटांत देतात.

या दोन प्रकारांत जो भेद आहे तो नीट ध्यानांत घेण्यासारखा आहे. क्ष-किरणांचें यंत्र विजेच्या दिव्यासारखें असतें. बटन सोडलें कीं किरण संपले. खोलींत, भिंतींत किंवा रोग्याच्या अंगांत मागें कांहीं उरत नाहीं. कित्येक लोक एक्स-रे काढून आलेल्या मनुष्याजवळ लहान मूल देण्यास कचरतात, तें निव्वळ अज्ञान होय. किरणोत्सर्गी पदार्थ मात्र निखाऱ्यासारखा असतो. त्यास बटन नाहीं. तो झांकून ठेवतां येतो, पण विझवितां येत नाहीं. त्याचा जोर त्याच्या स्वतःच्या गतीनेंच ओसरतो. तो निम्म्यावर येण्यास आयोडिनाला आठ दिवस लागतात, कोबाल्टाला सव्वापांच वर्षें, आणि रेडियमला सुमारें सोळाशें वर्षें.

हे किरण जर्मनींतील वुर्झबुर्ग येथें प्रोफेसर राँटजेन यांस १८९५ च्या नोव्हेंबर महिन्यांत सांपडले. शोध लागून दोन वर्षें होतात न होतात तोंच १८९७-९८ च्या तिराहच्या मोहिमेंत वायव्य सरहद्दीवर बीव्हर नांवाच्या लष्करी शस्त्रवैद्यानें क्ष-किरणांचें यंत्र नेऊन जखमी शिपायांच्या अंगांतील गोळ्या शोधून काढल्या. एवढ्या त्वरेनें जगभर पसरलेला दुसरा शोध वैद्यकाच्या इतिहासांत क्वचितच सांपडेल. ज्या वस्तूनें हाड दिसतें ती हाताला लागत नाहीं, तिला वास नाहीं, ऊब नाहीं. मग ती अपाय करील ही शंका कोणास यावी कशी?

शंका आली ती हातांवरून. अमेरिकेंत एडिसनच्या प्रयोगशाळेंत क्लॅरेन्स डॅली नांवाचा कांचकाम करणारा एक साहाय्यक होता. नळी नीट चालते किंवा नाहीं हें तो स्वतःचा हात किरणांपुढें धरून पाही. हातांवर व्रण पडले, ते भरून येईनात. हात कापावे लागले, आणि १९०४ साली तो कर्करोगानें मरण पावला. एडिसननें या किरणांचें काम सोडून दिलें.

डॅली प्रयोगशाळेंतला होता. रुग्णालयांतल्या सेवकवर्गाचें उदाहरण पाहावयाचें तर जर्मनींतील कलोन शहरच्या सिस्टर ब्लॅंडिना रिडर यांचें पाहिलें पाहिजे. या १८७१ साली जन्मलेल्या धर्मभगिनी. एकोणिसावें शतक संपण्याच्या सुमारास त्यांजकडे रुग्णालयांतील क्ष-किरणांचें काम आलें. त्या काळीं एक फोटो घेण्यास आतांच्यासारखा क्षणार्ध पुरत नसे. कित्येक मिनिटें रोग्यास निश्चल ठेवावें लागे. लहान मुलें रडत, घाबरट रोगी हलत. सिस्टर त्यांस आपल्या हातांनीं धरून ठेवीत. नळीचा जोर अजमावण्याचा त्या वेळचा सर्वत्र रूढ उपायहि त्यांनीं चालविला, म्हणजे पडद्यामागें आपलाच हात धरून त्यांतील हाडें किती स्पष्ट दिसतात हें पाहावयाचें. थोड्याच महिन्यांत हात लाल होऊन सुजले. पुढें कातडीचा कर्करोग ठरला. आधीं कांहीं बोटें, मग पंजा, शेवटीं सबंध हात काढावा लागला. १९१६ साली, वयाच्या सुमारें पंचेचाळिसाव्या वर्षीं, त्या वारल्या. ज्या मुलांस त्यांनीं धरून ठेवलें त्यांना प्रत्येकीं एकदांच किरण लागले होते. त्यांच्या हातांस त्या सर्वांचे मिळून लागले. या एका गोष्टींत आमचा सर्व विषय सांठविलेला आहे असें आम्हांस वाटतें.

अशा मनुष्यांच्या नांवांची एक शिला जर्मनींतच हांबुर्ग येथें सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारांत १९३६ साली उभारण्यांत आली. तिजवर आरंभीं १६९ नांवें होतीं; पुढें तीं साडेतीनशेंच्या वर गेलीं. त्यांत डॉक्टर आहेत, पदार्थवैज्ञानिक आहेत, परिचारिका आहेत, यंत्र चालविणारे साधे नोकरहि आहेत. मादाम क्यूरी यांनीं १८९८ साली पतीसमवेत रेडियमचा शोध लाविला, आणि पहिल्या महायुद्धांत मोटारींवर क्ष-किरणांचीं यंत्रें चढवून त्या स्वतः आपल्या मुलीसह आघाडीवर गेल्या. त्या १९३४ साली वारल्या. अस्थींतील मज्जेनें रक्त तयार करण्याचें थांबविलें हें त्यांच्या मृत्यूचें कारण होतें. मुलगी इरेन हिनें पुढें स्वतः नोबेल पारितोषिक मिळविलें, आणि १९५६ साली तिला रक्ताच्या कर्करोगानें मृत्यु आला.

आतां हा अपाय घडतो कसा तें पाहूं. हे किरण शरीरांतून जातांना वाटेंतील अणूंचे इलेक्ट्रॉन उडवून लावतात. शरीराचा मोठा भाग पाण्याचा असल्यामुळें पाण्याचे रेणु फुटून अतिशय चंचल असे तुकडे तयार होतात, आणि पेशीच्या केंद्रांत आनुवंशिक गुणांची जी लांबलचक सांखळी, म्हणजे डी. एन्. ए., असते तिच्यावर त्यांचा घाला पडतो. कांहीं वेळां किरण तिला स्वतःच तोडतात. पेशीजवळ दुरुस्तीची व्यवस्था असते आणि बहुतेक तुटी ती सांधून टाकते. तूट फार झाली तर पेशी मरते. वांकडी सांधली गेली तर पेशी जगते, पण चुकीच्या आज्ञा घेऊन जगते आणि तशीच आपली प्रजा वाढविते. १९०६ साली बर्गोनिए व ट्रिबोंडो या दोघां फ्रेंच संशोधकांनीं असें दाखवून दिलें कीं ज्या पेशी झपाट्यानें विभागत असतात त्यांस हे किरण अधिक बाधतात. कातडी, रक्त घडविणारी मज्जा, प्रजोत्पादक ग्रंथि आणि पोटांतील गर्भ यांस जपावें लागतें तें याचमुळें. डोळ्यांतील भिंगाची गोष्ट निराळी आहे. तेथील बिघडलेल्या पेशी शरीरास बाहेर टाकतां येत नाहींत; त्या तेथेंच सांचून भिंग धूसर करितात, आणि मोतीबिंदु होतो.

यावरून अपायाचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गांत कातडी भाजणें, केस गळणें, रक्तपेशी घटणें, मोतीबिंदु हे येतात. ठराविक मात्रेच्या आंत ते दिसत नाहींत, तिच्या पलीकडे गेल्यावर हटकून दिसतात. डॅली व सिस्टर ब्लॅंडिना यांच्या हातांवरील भाजणें या वर्गांतलें. दुसऱ्या वर्गांत कर्करोग येतो. त्याची रीत सोडतीसारखी आहे. मात्रा वाढेल तशीं चिठ्ठ्यांतील वाईट चिठ्ठ्यांचीं संख्या वाढते. पण कोणाच्या हातीं कोणती चिठ्ठी येईल हें सांगतां येत नाहीं, आणि ती उघडते दहा, वीस, कधीं तीस वर्षांनीं. रोग उद्भवल्यावर तो किरणांमुळेंच झाला कीं तंबाखू-मशेरीमुळें कीं वयोमानानें, हें त्या एका मनुष्यापुरतें कोणीहि वैद्य छातीठोकपणें सांगूं शकत नाहीं. तें कळतें फक्त पुष्कळ माणसांच्या नोंदी अनेक वर्षें जुळवून पाहिल्यावर.

अशा नोंदी झाल्या आहेत. १९४४ साली अमेरिकेंत मार्च नांवाच्या डॉक्टरानें मृत डॉक्टरांच्या याद्या तपासल्या, तेव्हां इतर डॉक्टरांच्या मानानें क्ष-किरणतज्ज्ञांत रक्ताच्या कर्करोगानें मेलेल्यांचें प्रमाण सुमारें आठ-दहा पट भरलें. ब्रिटनमधील क्ष-किरणतज्ज्ञांचा शंभर वर्षांचा हिशेब २००१ साली प्रसिद्ध झाला, तो अधिक बोलका आहे. १९२० पर्यंत या धंद्यांत आलेल्यांत कर्करोगानें मरण्याचें प्रमाण इतर डॉक्टरांहून सुमारें पाऊणपट अधिक होतें. पुढील पिढ्यांत तें उतरत गेलें, आणि १९५४ नंतर आलेल्यांत अशी वाढ आढळली नाहीं. किरण तेच, काम तेंच, उलट कामाचा पसारा कितीतरी वाढलेला. उतरली ती केवळ शरीरास लागणारी मात्रा. १९२८ साली स्टॉकहोम येथें जी आंतरराष्ट्रीय समिति स्थापन झाली तिनें, आणि तिच्या पाठोपाठ देशोदेशींच्या सरकारांनीं, जे नियम केले त्यांचा गुण याहून स्पष्ट कोठें दिसणार!

तथापि अगदीं अल्प मात्रा निखालस निरुपद्रवी असते असें समजण्यास आधार नाहीं. फ्रान्स, ब्रिटन व अमेरिका येथील अणुउद्योगांतील तीन लाखांहून अधिक कामगारांच्या नोंदी एकत्र करून २०१५ साली जे निष्कर्ष निघाले, त्यांत हळूहळू लागलेल्या लहान मात्रांबरोबरहि रक्ताच्या कर्करोगाचें प्रमाण किंचित चढत असल्याचें दिसलें.

हें 'किंचित' म्हणजे किती, याचा अंदाज आमच्या विद्यार्थ्यांस त्रैराशिकानें करतां येईल. मात्रा मोजण्याचें माप मिलिसीव्हर्ट. खडक, माती, हवा, अन्न आणि आकाशांतून येणारे किरण यांपासून पृथ्वीवरील प्रत्येक मनुष्यास वर्षाला सरासरी २·४ मिलिसीव्हर्ट लागतातच. (केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाईटच्या वाळूंत हें प्रमाण पुष्कळ अधिक आहे. आपल्या काळबादेवीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू पाहून कोणी घाबरूं नये. ती मुख्यतः लोह व टायटॅनियम यांच्या इल्मेनाईट नामक खनिजाची आहे.) छातीचा एक फोटो काढतांना रोग्यास एका मिलिसीव्हर्टचा दहावा भाग किंवा त्याहूनहि कमी लागतो, सी. टी. स्कॅनमध्यें मात्र दहापर्यंत लागूं शकतात. साध्या एक्स-रे विभागांत काळजीपूर्वक काम करणाऱ्या सेवकाची सबंध वर्षाची मात्रा बहुधा एका मिलिसीव्हर्टच्या आंत असते. तज्ज्ञांचा अदमास असा कीं, प्रौढ सेवकास एक हजार मिलिसीव्हर्ट लागल्यास कर्करोगाचा धोका शंभरांत सुमारें चारांनीं वाढतो. मग वर्षास एक याप्रमाणें तीस वर्षें नोकरी करणाऱ्यास तीस मिलिसीव्हर्ट झाले, आणि वाढलेला धोका हजारांत एकाहून थोडा अधिक झाला. भारतांत एरव्हींच दर नऊ माणसांत एकास आयुष्यांत केव्हां तरी कर्करोग होण्याचा संभव आहे, म्हणजे हजारांत सुमारें एकशें अकरा; त्यांत हा एक मिळवावयाचा. भिऊन नोकरी सोडावी असा हा आंकडा खास नाहीं. पण तोच मनुष्य कायद्यानें घातलेल्या मर्यादेइतके, म्हणजे वर्षास वीस, मिलिसीव्हर्ट दरसाल घेत राहिला तर तीस वर्षांत सहाशें होतात, आणि हजारांत एकाचे चोवीस होतात. यावरून मर्यादा ही तेथवर जाण्याची परवानगी नव्हे हें ध्यानांत येईल. साध्य असेल तितकें खालीं राहावयाचें, हाच या शास्त्राचा नियम आहे.

आपल्या प्रांतांत या विद्येचें माहेरघर मुंबईस परळ येथें आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. दोराबजींच्या नांवें असलेल्या विश्वस्त निधींतून १९४१ च्या फेब्रुवारींत टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें. त्या काळीं जगांतील सर्वच कर्करोग-रुग्णालयांत रेडियम भरलेल्या सुया व नळ्या डॉक्टर आपल्या हातांनीं रोग्याच्या शरीरांत बसवीत, आणि त्या शरीरांत असेतोंपर्यंत परिचारिका त्याच रोग्याची शुश्रूषा करीत. निखारा झांकण्यास तेथें सोय नव्हती. पुढें प्रथम पोकळ नळी बसवून, सर्व मंडळी खोलीबाहेर गेल्यावर यंत्रानें दुरून तींत इरिडियमचा कण सोडावयाचा अशी युक्ति निघाली, आणि परिचारिकांच्या माथ्यावरचें तें ओझें उतरलें. याच रुग्णालयांत रोगनिदानशास्त्राचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे, राँटजेनला किरण सांपडले त्याच १८९५ साली जन्मले. अणुकिरणांच्या परिणामांचा विचार करण्यासाठीं संयुक्त राष्ट्रसंघानें १९५५ साली जी शास्त्रीय समिति नेमली तींत त्यांनीं भारतातर्फें काम केलें. टाटा रुग्णालय १९६२ साली अणुशक्तिखात्याकडे गेलें. किरणोत्सर्गी आयोडिनाच्या उपचारांसाठीं परळ येथेंच १९६३ साली निराळें केंद्र निघालें. ज्या रोग्यास तें आयोडीन मोठ्या प्रमाणांत दिलेलें असतें तो कांहीं दिवस स्वतःच निखाऱ्यासारखा असतो. म्हणून त्यास स्वतंत्र खोलींत ठेवतात, त्याचें मूत्रदेखील टांक्यांत सांठवून जोर ओसरल्यावरच सोडतात, आणि परिचारिका हातांतलें काम चटकन उरकून अंतरावर उभी राहून बोलते. तिला कोणी निष्ठुर म्हणूं नये.

सर्व देशांतील या कामावर देखरेख करण्यासाठीं १९८३ च्या नोव्हेंबरांत अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालें. त्याचें मुख्य ठाणें मुंबईसच आहे. सेवकाची मात्रा पांच वर्षांच्या सरासरीनें वर्षास वीस मिलिसीव्हर्टांहून अधिक होऊं नये, व कोणत्याहि एका वर्षांत ती तिसांच्या वर जाऊं नये, असा त्याचा नियम आहे. अठरा वर्षांखालील कोणासहि या कामावर सेवक म्हणून नेमतां येत नाहीं. स्त्री-सेविकेनें आपण गरोदर असल्याचें कळविल्यापासून पोटांतील गर्भास उरलेल्या काळांत एक मिलिसीव्हर्टहून अधिक लागूं नये अशी व्यवस्था वरिष्ठांनीं करावयाची असते. ही बातमी सांगण्यास पुष्कळ मुली संकोचतात. पण गर्भाच्या बाबतींत पहिले आठवडेच सर्वांत नाजूक असल्यामुळें हा संकोच महाग पडतो, आणि वरिष्ठांचें वागणेंहि असें असावें कीं सांगणारीस नोकरीची भीति वाटूं नये.

शरीरास ज्याची जाणीव होत नाहीं त्याची जाणीव ठेवण्यासाठीं सेवकाच्या छातीवर एक लहानसा बिल्ला असतो. त्यास टी. एल्. डी. बॅज म्हणतात. पूर्वी यांत फोटोच्या फिल्मचा तुकडा घालीत. आतां त्यांत तीन लहान चकत्या असतात. त्या कॅल्शियम सल्फेटांत डिस्प्रोशियम नांवाच्या धातूचा लेश घालून केलेल्या असतात. मोडका हात ज्या प्लास्टरांत बांधतात तेंहि कॅल्शियम सल्फेटच, तेव्हां हा त्याचा भाऊबंदच म्हणावयाचा. किरण लागले कीं या स्फटिकांत इलेक्ट्रॉन अडकून पडतात आणि महिनोगणती तसेच राहतात. चकती तापविली कीं ते सुटतात आणि सुटतांना प्रकाश देतात. जितकी मात्रा तितका प्रकाश. एका चकतीवर धातूचें झांकण, दुसरीवर प्लॅस्टिकचें, तिसरी उघडी. तिहींच्या प्रकाशांतील फरकावरून किरण कोणत्या जातीचे होते हेंहि ओळखतात. दर तीन महिन्यांनीं बॅज प्रयोगशाळेकडे जातो. ही पद्धति मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानें बसविली, आणि आतां त्यानें मान्यता दिलेल्या प्रयोगशाळाहि तें काम करितात. आंकडा संशयास्पद मोठा आला तर चौकशी होते. जरूर पडल्यास रक्त घेऊन त्यांतील गुणसूत्रें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात, कारण मोठी मात्रा खरोखरच अंगास लागली असेल तर तेथें तिच्या खुणा सांपडतात.

हा बॅज ॲप्रनच्या आंत छातीवर लावावयाचा असतो. तरी तो खुंटीवर टांगलेल्या ॲप्रनलाच अडकवून तसाच एक्स-रेच्या खोलींत राहिला, म्हणजे भिंतीस लागलेले किरण मनुष्याच्या नांवावर जमा होतात. टेबलाच्या खणांत पडून राहिला, म्हणजे मनुष्यास लागलेले किरण कोठेंच जमा होत नाहींत. पहिल्या चुकीनें चौकशी तरी होते. दुसरी चूक कोणास कळतच नाहीं, म्हणून ती अधिक वाईट.

संरक्षणाचे उपाय तीनच आहेत आणि ते फार जुने आहेत. थोडा वेळ थांबावें, दूर उभें राहावें, मध्यें आड कांहीं असावें. अंतर दुप्पट केलें तर मात्रा चौथाई होते, तिप्पट केलें तर नववा हिस्सा. दोन पावलें मागें सरण्यास खर्च कांहींच नाहीं. आड म्हणून खोलीस नऊ इंची विटांची भिंत, शिसें बसविलेला दरवाजा, आणि यंत्र चालविणाऱ्यापुढें शिशाची कांच असलेला पडदा असतो. आमच्याकडे जांभ्याचीं बांधकामें पुष्कळ. चिरा जाड असला तरी सांधा पोकळ असेल तर किरणांस तेवढी वाट पुरते, म्हणून भिंत कशाचीहि असली तरी तिच्यापलीकडे मात्रा मोजून पाहणें हाच खरा पुरावा. अंगावर अर्धा मिलिमीटर शिशाइतकें संरक्षण देणारा ॲप्रन घातला तर रोग्याच्या अंगावरून उसळून येणारे नव्वद टक्क्यांहून अधिक क्ष-किरण अडतात. तो ॲप्रन पांच-सात शेर भरतो. चैत्र-वैशाखाच्या उकाड्यांत तो अंगावर घेऊन तीन तीन तास उभें राहणें सोपें नव्हे, आणि या धंद्यांतील पुष्कळांची पाठ दुखते ती त्याच्याच भारानें. काम संपल्यावर कंटाळून तो घडी करून टाकतात. घडीवर आंतलें शिसें चिरतें, बाहेरून कापड धड दिसतें, आणि पुढच्या मनुष्यास खोटा भरंवसा मिळतो. तो टांगूनच ठेवावयाचा, आणि मधून मधून क्ष-किरणांखालीं धरून तडे गेले आहेत काय तें पाहावयाचें. कोबाल्टाच्या किंवा आयोडिनाच्या प्रखर किरणांपुढें तो जवळ जवळ निरुपयोगी आहे, हेंहि ठाऊक असावें.

आजच्या रुग्णालयांत मात्रा अधिक लागते ती साध्या फोटोवाल्यास नव्हे. कॅथ लॅबमध्यें हृदयाच्या नळींत तार सरकवितांना, किंवा सी-आर्मखालीं मोडलेल्या मांडींत सळई बसवितांना, डॉक्टर, सिस्टर व टेक्निशियन रोग्याच्या लगत उभे असतात आणि किरण मिनिटेंच्या मिनिटें चालू राहतात. रोग्याच्या अंगावरून उसळलेले किरण ॲप्रनच्या वर, म्हणजे मान व डोळे यांवर, पडतात. अशा डॉक्टरांच्या व सिस्टरांच्या डोळ्यांतील भिंगांच्या मागल्या बाजूस धूसरपणा येत असल्याचें निरनिराळ्या देशांतील तपासण्यांत दिसून आलें, आणि त्यामुळें २०११ साली आंतरराष्ट्रीय समितीनें डोळ्यांसाठीं पूर्वीची वर्षास १५० मिलिसीव्हर्टची मर्यादा एकदम सरासरी वीसवर आणावी अशी शिफारस केली. शिशाच्या कांचेचा चष्मा, गळ्याभोंवतीं शिशाचा पट्टा, आणि छतास टांगलेला पारदर्शक पडदा हीं साधनें यासाठींच आहेत. पायाखालचें बटन नाहक दाबून न ठेवणें हें साधन फुकट मिळणारें आहे.

शेवटीं ज्यांच्या छातीवर बॅज नसतो त्यांजविषयीं. मोठ्या रुग्णालयांत एक्स-रेच्या खोलीबाहेर लाल दिवा असतो, सुरक्षेसाठीं नेमलेला अधिकारी असतो, नोंदवही असते. लहान गांवांतील एकखोली दवाखान्यांत फोटो काढावयाचा असला आणि मूल रडूं लागलें, तर "मावशी, जरा धरा हो याला," अशी हांक जाते. मावशी म्हणजे तेथली आया. वॉर्डबॉय असला तर तो 'मामा'. ते कोणाच्याहि यादींत किरणांचे सेवक नसतात. टेक्निशियन पडद्याआड जातो, मावशी मुलाजवळ उभी राहते. आज एक मूल, उद्यां दुसरें. कलोनच्या सिस्टरांनीं केलें तेंच हें काम. आजचीं यंत्रें त्या काळच्या यंत्रांहून शतपटींनीं सौम्य आहेत, आणि मावशीच्या हातांची तशी गत होणार नाहीं, हें खरें; पण तिची मात्रा किती झाली हें तीस वर्षांनीं कोणासच सांगतां येणार नाहीं. नियम असा आहे कीं, मूल धरणें अगदींच अपरिहार्य असेल तर तें रुग्णालयाच्या कोणत्याहि एका सेवकाचें नित्याचें काम होऊं नये. मुलाच्या नातलगानें धरावें. ती स्त्री असल्यास गरोदर नसावी. ॲप्रन तिच्या अंगावर असावा, आणि यंत्रांतून निघणाऱ्या सरळ झोतांत तिचा हात येऊं नये. एकेका मुलाची आई आयुष्यांत एकदोनदां त्या जागीं उभी राहते, आणि तेवढ्यानें तिला लागणारी मात्रा छातीच्या एका फोटोहूनहि कमी असते.